न्याहारी आणि नियत

'न्याहारी' हा शब्द आपण अस्सल मराठी मानतो आणि आज तो तसा आहेही. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, ठेचा, कांदा आणि ताकाची किटली घेऊन बांधावरून चाललेली शेतकरीण या शब्दासोबतच नजरेसमोर उभी राहते. शब्दाचे मूळ मात्र फारसीत आहे. फारसीत 'नाहार' म्हणजे ज्याच्या पोटात सकाळपासून काही गेलेले नाही असा माणूस. उर्दूत आजही हकीमसाहेब औषध 'नहार मुँह' घ्यायला सांगतात, म्हणजे अनशापोटी. 'नाश्ता' हा शब्दही फारसीच, आणि त्याचाही मूळ अर्थ उपाशी असणे हाच. अरबीत न्याहारीला 'फतूर' म्हणतात. 'इफ्तार' आणि 'ईदुल फित्र' हे शब्द त्याच धातूचे. इंग्रजी ब्रेकफास्टची फोड केली तरी 'उपवास सोडणे' हेच हाती येते.

वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांना सकाळच्या खाण्याला नाव देताना आधीची भूक आठवावी, ही गोष्ट आम्हांला विचार करण्यासारखी वाटते. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाच्या नावात अशी भुकेची खूण सहसा नसते. न्याहारीच्या नावात ती आहे. रात्रभराचा, आपल्या नकळत घडलेला एक छोटा रोजा आपण दररोज सकाळी सोडत असतो.

रमजानचा इफ्तार आणि रोजची न्याहारी यांची तुलना करून पाहावी. मगरिबच्या अजानला पाच मिनिटे बाकी असतात. दस्तरखानाभोवती घरातली सगळी माणसे बसलेली असतात. समोर खजूर, कापलेली फळे, भजी, सरबत. हात मांडीवर असतात. चार वर्षांचे पोरही, ज्याचा रोजा नसतो, ते हात पुढे करून आईकडे बघते आणि मागे घेते. अजान होते, आणि मग एक खजूर तोंडात जातो. तो खजूर आपण खरोखर खातो. त्याची साल जिभेला कळते, गर कळतो, बी दातांना लागलेली कळते, पाण्याचा पहिला घोट घशातून छातीपर्यंत उतरताना कळतो. (त्यानंतर पाचच मिनिटांत भज्यांवर आपण कसे तुटून पडतो, तो विषय वेगळा. त्याची वाच्यता न केलेली बरी.)

आता शव्वालच्या दहा-पंधरा तारखेची सकाळ बघा. मुलाची रिक्षा खाली हॉर्न वाजवते आहे, त्याची आई त्याच्या तोंडात पोळीचा रोल कोंबते आहे. अब्बा एका हाताने खारी चहात बुडवताहेत, दुसऱ्या हातात मोबाईल. खारी तुटून कपात पडते तेव्हाच त्यांची नजर कपाकडे जाते. कॉलेजात जाणारी मुलगी 'भूक नाही' म्हणून निघून जाते. आजीला साखरेची गोळी खाण्याआधी की नंतर घ्यायची हे कुणाला विचारावे कळत नाही. दस्तरखान अंथरलेलाच नसतो. नऊ वाजता कुणाला विचारले की काय खाल्लेस, तर आठवावे लागते. माणसे तीच, घर तेच, भूकही थोडीबहुत तीच. मग त्या खजुराला मिळालेले लक्ष या खारीला का मिळत नाही?

'रमजान पवित्र महिना आहे' हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. इफ्तारच्या वेळी थांबण्याची सक्ती असते आणि सगळ्यांना एकाच वेळी थांबावे लागते. न्याहारीला अशी सक्ती कुणाची नाही, म्हणून जो तो आपापल्या घड्याळाप्रमाणे पळतो.

सावकाश, लक्षपूर्वक खाण्याचा सध्या जगभर बराच बोलबाला आहे. 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन काबत-झिन यांनी दुखण्याने आणि ताणाने गांजलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला एक पाठ मनुक्याचा आहे. एक मनुका हातात घ्यायचा, बघायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा, हळूहळू चावायचा. काही मिनिटे फक्त एक मनुका. या पद्धतीची मुळे बौद्ध साधनेत आहेत, आणि ती साधना आपल्यापासून दूर नाही. इगतपुरीला धम्मगिरीचे विपश्यना केंद्र 1976 पासून आहे. तिथे दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठतात आणि साडेसहाला मौनात न्याहारी करतात. तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारले तर प्रवचनांआधी तो त्या मुक्या न्याहारीविषयी सांगू लागतो.

असे काही कानावर आले की आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते: 'हे सगळे आपल्या दीनमध्ये आधीपासूनच आहे.' आहे, यात शंका नाही. उजव्या हाताने खावे, आपल्या पुढ्यातले खावे, पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, अन्नाला नावे ठेवू नयेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण मदरशात जाणाऱ्या पोरालाही पाठ असते. पण जे पाठ आहे ते दस्तरखानावर उतरलेले दिसत नसेल, तर आधीपासून असण्याचा अभिमान कुणाच्या उपयोगाचा? दुसऱ्याच्या मनुक्याला हसण्याआधी आपण आपली खारी बघितलेली बरी.

सावकाश खाण्याचे शारीरिक फायदे आता बहुतेकांना माहीत आहेत, म्हणून ते थोडक्यात सांगतो. पचनाला तोंडातच सुरुवात होते. लाळेतले विकर पिठूळ पदार्थांचे विघटन तिथेच सुरू करते. पोट भरत आल्याची खबर आतड्यांतून निघणाऱ्या संप्रेरकांमार्फत मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत न्याहारी उरकणारा माणूस खबर यायच्या आधीच जादा खाऊन उठलेला असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार 2021 साली देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही होते. बिर्याणी, शिरखुर्मा आणि तीन चमचे साखरेचा चहा यांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या आपल्या समाजाने हा आकडा परका समजू नये. महाराष्ट्रात मधल्या काळात डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्यावर घरोघरी चर्चा झाली. किती वेळा खावे यावर आपण इतके भांडलो, पण कसे खावे हा प्रश्न त्या भांडणात फारसा कुणी काढला नाही.

आम्हांला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो आरोग्याचा नाही. मनुक्याकडे लक्ष देणे आणि 'बिस्मिल्लाह' म्हणून घास उचलणे, या दोन्ही कृती बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हींत माणूस थांबतो. पण थांबल्यावर त्याचे लक्ष कुठे जाते? मनुक्याच्या पाठात ते चवीवर, वासावर, स्वतःच्या मनात उठणाऱ्या तरंगांवर जाते. ही चांगली सुरुवात आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. आपल्याकडे तिथे थांबून चालत नाही. इमाम गजालींच्या 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथाचे चाळीस भाग आहेत. पहिल्या दहांत ज्ञान, अकीदा, नमाज, जकात, रोजा, हज असे विषय येतात. अकरावा भाग, जिथून रोजच्या व्यवहाराची चर्चा सुरू होते, तो खाण्याच्या शिष्टाचारावर आहे. लग्न आणि कमाई त्यानंतर येतात. या भागात लहान घास घ्यावा, नीट चावावा, घास गिळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, असे बारीकसारीक सांगितले आहेच. पण या सगळ्याआधी ते सांगतात की अन्न हलाल असले पाहिजे, आणि नुसते अन्न नव्हे, ते ज्या पैशाने आले ती कमाईही. मग नियत, म्हणजे हे बळ कशासाठी मिळवायचे. मग संगत: एकट्याने खाण्यापेक्षा अनेक हात पडलेले ताट चांगले. आणि खाताना मुके राहू नये, चांगले बोलावे, दुसऱ्याच्या घासाकडे टक लावून त्याला संकोचात टाकू नये. इगतपुरीचे मौन आणि गजालींचे बोलणे यांत थोर कोण, हा वाद आम्ही घालत नाही. दोन्ही ठिकाणी माणूस अन्नापाशी हजर असतो. गजालींच्या दस्तरखानावर त्याला शेजाऱ्यापाशीही हजर राहावे लागते, एवढाच फरक. आम्हांला तो मोठा वाटतो.

नियतीची ही कसोटी लावली की सावकाश खाण्याच्या उपदेशात एक अडचण दिसू लागते. ती आपल्या घरातलीच असल्यामुळे तिच्याविषयी कुणी लिहीत नाही.

आपल्याकडे पुरुषमाणूस सावकाश न्याहारी करतो म्हणजे नेमके काय घडते? तो बसतो. तव्यावरून एक भाकरी येते, ती खाऊन होईतो दुसरी. कोकणात घावन असेल तर ते तव्यावरून थेट बशीत. 'गरम गरम आण' हे शब्द बाहेरच्या खोलीतून प्रेमाने उच्चारले जातात. त्याला दहाऐवजी तीस मिनिटे लागली तर चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभी असलेली बाई वीस मिनिटे जास्त उभी राहते. त्याच्या घासाघासाला मिळालेली फुरसत तिच्या पायांतून निघालेली असते. ती स्वतः काय खाते? सगळे गेल्यावर उरलेला तुकडा, तोही बहुधा उभ्याने, ओट्याशी, एका हाताने पिठाची परात धुताना. तिच्या न्याहारीला फारसीत किंवा मराठीत नाव नाही.

हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी 299 मिनिटांचा वेळ बिनपगारी घरकामात गेला, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा 97 मिनिटांचा. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. बाईची दहा मिनिटे वाचली, पुरुषाने नऊ मिनिटे काढून घेतली. ही पाहणी सगळ्या जातीधर्मांची आहे. आपले घर त्यात वेगळे असेल असे मानायला आधार नाही.

सेवकाविषयीची एक हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. सेवक जेवण करून घेऊन आला तर त्याला सोबत बसवावे, कारण त्याची धग आणि धूर त्यानेच सोसलेला असतो; अन्न कमी असेल तर निदान एक-दोन घास त्याच्या हातावर ठेवावेत. ही हदीस आपल्याकडे सेवकाबद्दलच्या दयाभावाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यात दिलेले कारण मात्र नीट ऐकावे. सेवक गरीब आहे म्हणून बसवा असे ते नाही. ज्याने धूर सोसला त्याचा त्या अन्नावर हक्क झाला, असे ते आहे. मग धूर सोसणारी जर आपली अम्मी, बीवी किंवा सून असेल तर तिचा हक्क सेवकापेक्षा कमी कसा? हजरत आयेशांना (रजि.) जेव्हा विचारण्यात आले की प्रेषित (स.) घरात काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात गुंतलेले असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. आपल्या किती घरांत हे सुन्नत म्हणून पाळले जाते? दाढीच्या लांबीवर होणाऱ्या चर्चेच्या मानाने या सुन्नतीवर चर्चा कमीच ऐकू येते.

काहीजण म्हणतील, बायकाच ऐकत नाहीत. बसा म्हटले तरी बसत नाहीत. हे खरेही आहे. अम्मीला बस म्हटले की 'तुम्ही खा, मी नंतर' हे उत्तर ठरलेले. पण एकदा विचारून आपण लगेच घास उचलला तर ते विचारणे झाले का? नुसते विचारणे सोपे असते, तिच्यासाठी हात आखडून थांबणे जड जाते.

आता दुसरी अडचण. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. कारागिराला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, एकाच वेळी अनेक माग सांभाळावे लागतात, धागा तुटला की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरी थांबते. भिवंडीत गावाकडून एकटे आलेले कारागीर महिन्याच्या पैशावर खाणावळीत जेवतात, तिला तिथे बिसी म्हणतात. पाळी बदलताना एक ओळ खाऊन उठते आणि तिच्या जागी दुसरी बसते. अशा माणसाला 'भाई, घास बत्तीस वेळा चावा' म्हणून सांगणे ही थट्टा आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी सक्तीची केली होती. हा अर्धा तास गल्लीबोळांतल्या लहानलहान मागखान्यांपर्यंत कितपत पोहोचला, हे तिथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कळते. चहाचा ग्लास अर्धा असतानाच माणूस उठलेला असतो.

म्हणून सावकाशपणा हा सद्गुण आहे की सोय? ज्याच्याकडे वेळ आहे तो सावकाश खातो आणि त्यालाच आपण शिष्ट म्हणतो, असे तर होत नाही ना? आमच्या मते दोन्ही आहे, आणि म्हणूनच त्याची वाटणी करावी लागते. पैशाची जकात द्यावी लागते हे आपल्याला पटलेले आहे. वेळही काहींकडे साठतो आणि काहींकडून काढला जातो, हे पटायला अजून अवकाश आहे. मागखान्याचा मालक आपल्यातलाच असतो, पहिल्या सफेत नमाज पढणारा असतो. इफ्तारच्या वेळी तो आपल्या कारागिरांसाठी खजूर आणि सरबत मोठ्या मनाने पाठवतो. शव्वालमध्ये त्याच कारागिरांना न्याहारीसाठी पंधरा मिनिटे माग बंद ठेवून देणे त्याला जड जाते. खजुराचा खर्च जास्त की पंधरा मिनिटांचा, याचा हिशेब त्याने करावा; आम्हांला त्याच्या धंद्यातले कळत नाही.

न्याहारीची घाई करणारा प्रत्येकजण कुठल्यातरी मोठ्या कामाचे नाव घेतो. शाळा, लोकल, दुकान उघडणे, कुणी नमाजचेही. या बाबतीत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. जेवण समोर आलेले असताना जमाअत उभी राहिली, इमामाची किरअत कानावर येत असली, तरी ते खाणे पुरे केल्याशिवाय उठत नसत. भुकेल्या माणसाने जेवण मांडलेले टाकून घाईघाईने नमाजला जाऊ नये, ही शिकवण त्यांनी प्रेषितांकडूनच (स.) घेतली होती. नमाजसाठी जी घाई मागितलेली नाही ती साडेआठच्या लोकलसाठी का करावी, असे विचारता येईल. लोकल थांबत नाही हे उत्तर आम्हांलाही ठाऊक आहे. मग दहा मिनिटे आधी उठणे आले, आणि आधी उठायचे तर रात्रीचा मोबाईल आधी ठेवणे आले. न्याहारी रात्रीच बिघडते.

आणखी एक रिवायत आहे, तीही न्याहारीचीच. हजरत आयेशा (रजि.) सांगतात, प्रेषित (स.) सकाळी घरात येत आणि काही खायला आहे का म्हणून विचारीत. नाही असे उत्तर आले की ते म्हणत, तर मग माझा रोजा. एकदा कुणीतरी खजुराचा पदार्थ भेट पाठवला होता. तो पुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो खाल्ला. घरात काही नसताना रागावणे नाही, लाजवणे नाही, आणि आल्यावर नाकारणे नाही. ज्या न्याहारीत 'आहे' आणि 'नाही' दोन्हींना जागा आहे ती सावकाशच असणार. आपल्या घरात 'आज पोहेच का?' असा आवाज निघतो तेव्हा ही सकाळ आठवावी.

स्वस्तातली फुरसतही एकेकाळी मिळत असे. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत एक चहा आणि एक बनमस्का घेऊन गिऱ्हाईक पेपर वाचीत तासभर बसे आणि त्याला सहसा कुणी उठवत नसे. तिथे गोदी कामगार आणि कारकून शेजारी शेजारी बसत. बायका क्वचित, हेही नोंदवले पाहिजे. त्यांतली बरीच हॉटेले आता बंद झाली. उरलेल्यांपैकी काहींत परगावचे पाहुणे बनमस्क्याचे फोटो काढताना दिसतात. चहा तोवर निवतो.

घराकडे परत वळू. या बाबतीत काही घरांनी एक साधी व्यवस्था लावलेली आम्ही पाहिली आहे. भाकऱ्या आधी सगळ्या भाजून होतात. फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवतात. चहाचे पातेले, सालन, चटणी सगळे दस्तरखानाच्या मध्ये येते, गॅस बंद होतो, आणि मग घरातली सगळी माणसे, भाजणारीसुद्धा, एकदम बसतात. वाढणारे कुणी उभे नसते. जो तो हाताने घेतो आणि शेजाऱ्याला देतो. एकत्र बसून अल्लाहचे नाव घेऊन खाल्ले तर अन्नात बरकत येते असे आपण मानतो. त्या घरांत वीस-पंचवीस मिनिटांत न्याहारी होते, आणि तेवढ्यात मुलीने काल कॉलेजात काय झाले ते सांगितलेले असते, आजीची गोळी घेऊन झालेली असते. परदेशी असलेला मुलगा कधी फोनवर दिसतो, तेव्हा फोन दस्तरखानाच्या मध्ये टोपलीला टेकवून ठेवतात. त्याच्याकडे अजून उजाडायचे असते.

या व्यवस्थेला घरातल्या पुरुषांचा एकच आक्षेप असतो: भाकरी गरम राहत नाही. आक्षेप खरा आहे. तव्यावरून थेट आलेल्या भाकरीची सर फडक्यातल्या भाकरीला येत नाही. मात्र तांदळाच्या पिठाची उकड नीट काढली असेल तर कोकणातली भाकरी फडक्यात चांगली मऊ राहते, आणि ज्वारीची असेल तर ती सालनात कुस्करायचीच असते.